उंदराची साक्ष

सकाळी आठच्या आत लॅबमध्ये पोहोचायचं. पिंजऱ्यातून मादी उचलायची, ड्रॉपरमधून सलाइनचे दोन थेंब तिच्या योनिमार्गात सोडून लगेच परत ओढून घ्यायचे आणि काचपट्टीवर पसरायचे. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, ठसठशीत केंद्रकाच्या पेशी दिसल्या तर प्रोइस्ट्रस. केंद्रक हरवलेल्या, कडा दुमडलेल्या, मक्याच्या पोह्यांसारख्या पेशींचा खच दिसला तर इस्ट्रस. पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी असली तर डायइस्ट्रस. चार-पाच दिवसांत हे सगळं चक्र फिरून पुन्हा पहिल्या जागी येतं. बाईच्या महिन्यात उंदरिणीचे सहा महिने होतात, असं आमचे सर म्हणत.

औषधशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी दीड वर्षं हे काम केलं. नोंदवहीत प्रत्येक मादीपुढे चार रकाने होते: वजन, चक्राची अवस्था, गाठीची लांबी, गाठीची रुंदी. प्रयोगाचा विषय एंडोमेट्रिओसिस. त्याच काळात होस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी मुलगी दर महिन्याला दोन दिवस गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. उशाशी मेफ्टालचं अर्धं पाकीट. मी तिला काय सांगायचे? "पाळीत दुखतंच गं." दुर्बिणीच्या तपासणीत तिचं दुखणं कशाचं ते कळलं त्यानंतर नऊ वर्षांनी. ज्या आजाराच्या गाठी मी दिवसभर कॅलिपरने मोजत होते, तोच आजार रात्री शेजारच्या कॉटवर होता आणि मला ओळखता आला नाही. माझ्या उंदरांना दुखताना मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी होकार दिला त्यामागे ही जुनी टोचणी आहे. एंडोमेट्रिओसिसवरची हॉर्मोनची औषधं प्राण्यांवर कशी तपासली गेली, त्यातली कुठली माणसात चालली, कुठली आपटली, हे लेखिकेनं पुढच्या प्रकरणांत तपशिलानं मांडलंय. मला एवढंच करायचंय की वाचकाला त्या पिंजऱ्यांच्या रांगेपर्यंत घेऊन जायचं आणि जाताना एक प्रश्न हातात द्यायचा: या प्राण्याला आपण नेमकं काय विचारलं होतं?

आधी आजाराबद्दल थोडं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपानं गळून पडतं. या अस्तरासारखीच ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या पोकळीच्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर रुजली की तो एंडोमेट्रिओसिस. ती ऊती तिथेही हॉर्मोनच्या तालावर फुगते, झिरपते, आसपासच्या भागाला सूज आणते, एकाला एक अवयव चिकटवून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे, म्हणजे जगभरात १९ कोटींना. निदान व्हायला अनेकदा ४ ते १२ वर्षं लागतात. माझी खोलीसोबती या हिशेबात साधारण मधोमध बसते.

अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये अंडाशयातल्या जुन्या रक्तानं भरलेल्या गाठींचं वर्णन केलं. घट्ट, तपकिरी द्रव, म्हणून चॉकलेट सिस्ट. हा शब्द आज आपल्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टमधून थेट स्वयंपाकघरातल्या गप्पांत पोहोचलाय. १९२७ मध्ये त्यांनी कारणही सुचवलं: पाळीचं काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातले अस्तराचे तुकडे तिथे रुजतात. कल्पना इतकी सरळ की अजूनही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर तीच असते. अडचण एकच. पाळीत रक्त उलटं जाणं जवळजवळ सगळ्याच बायकांत घडतं आणि आजार होतो दहातल्या एकीला. उरलेल्या नऊजणींत काय वेगळं असतं, या प्रश्नापाशी गाडी आजही अडते. आणि हा प्रश्न बाईच्या पोटात डोकावून सुटत नाही, कारण तिच्या पोटात आजार नेमका कुठल्या दिवशी सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं. तिथून प्राणी आले.

पण कुठला प्राणी? पाळी हा निसर्गातला फार दुर्मीळ प्रकार आहे. गाईला, कुत्रीला, मांजरीला, सशाला, उंदराला ती येत नाही. कुत्रीला माजावर असताना रक्त जातं, पण ते वेगळं. खरी पाळी येते माणसाला, वानरांना, आशिया-आफ्रिकेतल्या माकडांना, काही वटवाघळांना, आफ्रिकेतल्या सोंडेच्या एका चिचुंद्रीला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी यात काटेरी उंदराची भर घातली. उंदरांच्या कुळात अशी ही पहिलीच जात. ज्याला पाळी नाही त्याला एंडोमेट्रिओसिस आपणहून होत नाही. तो करावा लागतो. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: कलम. हापूसच्या फांदीचं करतात तसंच, गर्भाशयाचा तुकडा कापून दुसरीकडे बांधायचा आणि रुजण्याची वाट पाहायची. १९२२ मध्येच जेकबसन नावाच्या संशोधकानं सशांमध्ये हे करून दाखवलं होतं.

पाळी प्रत्यक्ष घडताना माणसानं पाहिली ती मात्र माकडाच्या डोळ्यात. यात अतिशयोक्ती अजिबात नाही. मार्की या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं रीसस माकडिणीच्या गर्भाशयातल्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्यात, बुबुळाच्या पारदर्शक पडद्यामागच्या पाण्यात ठेवले. ते तिथे रुजले. आता गर्भाशयात काय चाललंय ते बाहेरून, भिंगातून, दिवसामागून दिवस पाहता येऊ लागलं. हॉर्मोन ओसरले की तुकडा आक्रसायचा, त्यातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळल्या जायच्या, ऊती फिकट पडायची आणि मग ठिपक्याठिपक्यानं रक्त सुटायचं. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन गोष्टी एकदम मनात आल्या. एक, केवढी सुंदर युक्ती! दुसरी, त्या माकडिणीला समोर काय दिसत असेल? दोन्ही मी तशाच जवळ ठेवल्या आहेत. या विषयात शिरणाऱ्यानं त्यातली एक टाकून देऊ नये.

पुढे रिचर्ड टेलिंड आणि रॉजर स्कॉट यांनी सॅम्पसनच्या कल्पनेची सरळ परीक्षा घेतली. माकडिणींच्या गर्भाशयाचं तोंड त्यांनी शस्त्रक्रियेनं असं फिरवलं की पाळीचं रक्त बाहेर न जाता पोटातच जावं. दहापैकी पाचजणींच्या पोटात एंडोमेट्रिओसिस तयार झाला. निम्म्यांत झाला म्हणून सॅम्पसन बरोबर ठरले, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. निम्म्यांत का नाही झाला, यावर ती फारसं बोलत नाहीत. एवढं सगळं रक्त, महिन्यामागून महिने, थेट पोटात सांडूनही पाच माकडिणी निरोगी राहिल्या. मला या प्रयोगात त्याच पाचजणी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

आता औषधं. पाठ्यपुस्तकात संप्रेरक आणि दवाखान्यात हॉर्मोन असा जो पदार्थ आहे, त्याच्याशी या आजाराचं नातं डॉक्टरांच्या आधी बायकांनी ओळखलं होतं. मुली वयात आल्यावर दुखणं सुरू होतं, पाळी गेल्यावर थांबतं, गरोदरपणात बरं वाटतं. त्यावरून आपल्याकडच्या मावशी-काकूंनी काढलेला निष्कर्ष सगळ्यांना पाठ आहे: लग्न झालं की बरं होईल, एक मूल झालं की राहिलंच नाही. हा सल्ला अडाणीपणाचा म्हणून हसण्याआधी एक सांगते. बॉस्टनमधले त्या काळचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ जो मेग्ज १९४० च्या दशकात हेच लिहीत होते: लवकर लग्न, लवकर मूल. काकूंचं निदान परदेशी नियतकालिकात छापून आलं होतं, एवढाच काय तो फरक. १९५८ मध्ये बॉस्टनच्याच रॉबर्ट किस्टनर यांनी त्या सल्ल्याची गोळी केली. गर्भनिरोधकात वापरलं जाणारं हॉर्मोन सलग महिनोन्‌महिने देऊन शरीराला गर्भारपणाचा भास करून द्यायचा. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकात आपल्या माकडिणींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिलं ते याच वातावरणात.

१९८० मध्ये डीझेरेगा, बार्बर आणि हॉजेन यांनी माकडांवर केलेला प्रयोग सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यांना असं आढळलं की अंडाशय काढून टाकलेल्या माकडिणीतही कलम रुजतं. म्हणजे रुजायला अंडाशयाचे हॉर्मोन लागत नाहीत. लागतात ते टिकायला. हॉर्मोनच्या उपचारांची सारी मर्यादा या एका निरीक्षणात आहे. औषधानं आपण झाडाचं पाणी तोडतो, बी पडायचं थांबवत नाही. म्हणून औषध बंद केलं की दुखणं परत येतं, आणि बाई डॉक्टरांना विचारते, "मग इतके महिने गोळ्या घेऊन केलं काय?" तिचा प्रश्न रास्त आहे.

किस्टनरच्या पाठोपाठ डॅनझॉल आलं. एंडोमेट्रिओसिससाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध, साल १९७६. पुरुषी हॉर्मोनच्या घरातलं. दुखणं कमी व्हायचं, पण ओठावर लव यायची, मुरुमं उठायची, वजन वाढायचं आणि काहीजणींचा आवाज घोगरा व्हायचा, तो औषध सोडल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांत मात्र डॅनझॉल वर्षानुवर्षं आदर्श औषध म्हणून मिरवलं. नवीन रेणूची तुलना करायची ती त्याच्याशी. उंदराचा आवाज घोगरा झाला का, हे कुणी ऐकत बसत नाही.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारा प्रयोग एंडोमेट्रिओसिसवरचा नाहीच. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला एका बारक्या रेणूनं निरोप पाठवतो, तेव्हा ती जागी होते आणि अंडाशयाला कामाला लावते. या रेणूची रचना शोधणाऱ्या शॅली आणि गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. सरळ तर्क असा की हा रेणू बाहेरून भरपूर दिला तर अंडाशय जोरात चालेल. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींच्या मेंदूतला हा निरोप्याच बंद पाडला आणि मग पंपानं तोच रेणू शिरेतून सोडला. सलग सोडला तेव्हा पिट्युटरी थोडा वेळ जागी झाली आणि मग गप्प बसली, ती बसलीच. तासातून एकदा, फक्त सहा मिनिटं सोडला तेव्हा मात्र ती नियमितपणे काम करू लागली. १९७८ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. दारावर थाप मारली तर दार उघडतं. बेलवर बोट दाबून धरलं तर आतला माणूस वैतागून बेलची वायरच काढून ठेवतो. पिट्युटरीनं नेमकं हेच केलं होतं.

एंडोमेट्रिओसिसच्या डॉक्टरांना त्या गप्प बसण्यातच औषध दिसलं. रेणूत थोडा बदल करून तो शरीरात जास्त काळ टिकेल असा बनवला की बेलवरचं बोट उचललंच जात नाही. अंडाशय झोपी जातो, इस्ट्रोजेन घसरतं, गाठी सुकतात. १९८३ मध्ये वर्लिन आणि हॉजेन यांनी हे माकडांमध्ये दाखवलं. १९९० मध्ये ल्यूप्रोलाइडला एंडोमेट्रिओसिससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही बायका "महिन्याचं इंजेक्शन" म्हणतात ते याच जातीचं. पण इस्ट्रोजेन संपलं की हाडंही झिजतात आणि तिशीतल्या बाईला पन्नाशीच्या गरम वाफा येतात. त्यावर रॉबर्ट बार्बिएरी यांनी १९९२ मध्ये एक सुटसुटीत विचार मांडला. हाडाला जगायला इस्ट्रोजेन थोडं पुरतं, गाठीला जास्त लागतं. या दोन उंबरठ्यांच्या मधे बाईला ठेवता आलं तर हाड वाचेल आणि गाठ उपाशी राहील. इंजेक्शनसोबत थोडं हॉर्मोन परत देण्याची आजची पद्धत त्यावर उभी आहे. अलीकडच्या गोळ्यांची भिस्तही त्यावरच. २०१८ मधलं एलागोलिक्स पिट्युटरीला थकवून गप्प करत नाही, थेट बेलच झाकतं, आणि मात्रा बदलून इस्ट्रोजेन किती उतरवायचं ते ठरवता येतं. रेलुगोलिक्सच्या एकत्र गोळीत तर ते परत दिलेलं हॉर्मोन आधीच घातलेलं असतं.

इथे उंदरांनी एक वेगळीच गंमत केली. रेलुगोलिक्स माणसाच्या पिट्युटरीवरच्या कुलपात चपखल बसतं. उंदराच्या कुलपात ते नीट बसतच नाही. औषध उत्तम, पण तपासायला ठेवलेल्या प्राण्याला त्याची भाषाच कळत नाही. शेवटी संशोधकांनी उंदराच्या जनुकात माणसाचं कुलूप बसवलं आणि त्या उंदरावर औषध तपासलं. २०१४ मधला हा अभ्यास. पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं, मग जरा अस्वस्थ वाटलं. उंदरानं माणसाबद्दल साक्ष द्यावी म्हणून आधी त्याला थोडं माणूस करावं लागलं.

उंदरांविषयी थोडं सविस्तर, कारण पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याबद्दल आहे. रॅट आणि माउस, मराठीत दोघेही उंदीरच, पण प्रयोगात ते वेगळे. लेखिकेनं इंग्रजी नावंच ठेवलीत ते बरं केलं. रॅटवरची ठरलेली पद्धत अमेरिकेतल्या केंटकीमधल्या व्हर्नन आणि विल्सन यांनी १९८५ मध्ये घालून दिली. रॅटचं गर्भाशय इंग्रजी व्ही अक्षरासारखं दोन शिंगांचं. त्यातलं एक शिंग कापायचं, उभं चिरून उलगडायचं, त्याचे छोटे चौकोन करायचे आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांवर एकेक टाक्यानं शिवायचे. मी हे केलंय. भिंगाखाली तो पडदा ओल्या पापडासारखा दिसतो. टाका जरा ओढला तरी फाटतो. तीन-चार आठवड्यांनी पोट उघडलं की चौकोनांच्या जागी पाण्यानं भरलेल्या टपोऱ्या गाठी असतात. मग निम्म्या माद्यांना औषध, निम्म्यांना नुसतं द्रावण, आणि शेवटी कॅलिपर. आज आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं डायनोजेस्ट जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये अशाच रॅटवरच्या कलमांवर तपासलं होतं.

माउसवर वेगळा प्रयोग होतो. जन्मतः केस नसलेला आणि थायमस ग्रंथी नसलेला माउस परक्या ऊतीला विरोध करत नाही. त्याच्या पोटात थेट बाईच्या गर्भाशयातलं अस्तर ठेवता येतं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात केव्हिन ऑस्टीन यांच्या गटानं हे अस्तर आधी प्रोजेस्टेरॉनमध्ये वाढवलं, मग माउसच्या पोटात टाकलं. रुजलं नाही. पाच वर्षांनी त्याच गटाला असं आढळलं की एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईचं अस्तर घेतलं तर प्रोजेस्टेरॉनचा हा पहारा चालत नाही; ते तरीही रुजतं. प्रोजेस्टेरॉनला न जुमानणारं अस्तर, ही आज या आजाराच्या विचारातली मध्यवर्ती कल्पना आहे. एकाच गोळीनं एकीला आराम पडतो आणि दुसरीला काहीच फरक पडत नाही, याचं एक कारण तिथे असावं. पण रोगप्रतिकार नसलेल्या प्राण्यात रोगप्रतिकाराशी घट्ट गुंतलेल्या आजाराचा अभ्यास होतोय, हेही वाचताना विसरायचं नाही. २०१४ मध्ये एडिनबर्गच्या गटानं वेगळी वाट काढली. माउसला हॉर्मोन देऊन, मग काढून घेऊन, खोटी पाळी आणायची आणि ते अस्तर दुसऱ्या, धडधाकट माउसच्या पोटात सोडायचं. टाके नाहीत, रोगप्रतिकार शाबूत.

बबूनचा मान वेगळा. त्याला पाळी येते आणि एंडोमेट्रिओसिस आपणहूनही होतो. केनियात नैरोबीजवळच्या प्राइमेट संशोधन संस्थेत बेल्जियमच्या थॉमस डहोग यांनी १९९० च्या दशकात यावर मोठं काम उभं केलं. अमेरिकेत असगी फझलीबास यांनी बबून मादीच्या पोटात तिचंच पाळीचं अस्तर सोडून पुढचे महिने गर्भाशयात काय बदलतं ते पाहिलं. गर्भाशयाबाहेर गाठी रुजल्यावर काही महिन्यांत गर्भाशयाच्या आतलं निरोगी अस्तरही प्रोजेस्टेरॉनला दाद देईनासं होतं. बाईत हे दिसलं असतं तर कोंबडी आधी की अंडं आधी हा वाद कधीच संपला नसता. बबूनमध्ये आजाराचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहिलेला असतो.

आता त्या प्रकरणाबद्दल, ज्यासाठी मी म्हणेन की पुस्तक विकत घ्या. रॅलॉक्सिफेन हे औषध हाडांत इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि गर्भाशयात इस्ट्रोजेनच्या विरुद्ध. म्हणजे बार्बिएरींच्या दोन उंबरठ्यांचं उत्तर एकाच गोळीत. रॅटमध्ये कलमं आक्रसली. कुठलाही शहाणा माणूस पुढचं पाऊल उचलेल तसं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बायकांवर चाचणी झाली. शस्त्रक्रियेनं गाठी काढलेल्या ९३ जणींपैकी काहींना रॅलॉक्सिफेन, काहींना नुसती, औषध नसलेली गोळी. चाचणी मधेच थांबवावी लागली. कारण रॅलॉक्सिफेन घेणाऱ्यांचं दुखणं लवकर परतलं. नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षाही लवकर. २००८ मध्ये आलेल्या या निकालात आणखी एक गोष्ट होती: ज्यांचं दुखणं परतलं त्यांच्या पोटात पुन्हा पाहिलं तेव्हा गाठी परतलेल्या असणं आणि दुखणं परतणं यांचा मेळ बसत नव्हता.

उंदरानं खोटी साक्ष दिली का? माझ्या मते नाही. त्याला विचारलं होतं, गाठ लहान होते का. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, होते. दुखतं का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. दवाखान्यात हे रोज दिसतं: एकीच्या पोटात चार बारीक ठिपके आणि ती ऑफिसात उभी राहू शकत नाही, दुसरीच्या अंडाशयात लिंबाएवढी चॉकलेट सिस्ट आणि तिला वंध्यत्वाची तपासणी होईपर्यंत पत्ताच नाही. तरीही चाळीस वर्षं आम्ही गाठीच मोजल्या. गाठ मोजता येते, म्हणून. हॉर्मोनपलीकडेही असंच झालं. सूज वाढवणारं एक रसायन रोखून बबूनमध्ये आजार कमी झाला. त्याच रसायनाला रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब २००८ मधल्या चाचणीत बायकांच्या दुखण्यावर काहीच करू शकलं नाही.

आपल्या देशाचा या गोष्टीशी संबंध प्रयोगशाळेच्या मागच्या दारानं आहे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत जी रीसस माकडं होती ती बहुतांशी भारतातून जात. पोलिओच्या लशीच्या काळात तर वर्षाला लाखाच्या वर गेली. एकेकाळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले मोरारजी देसाई पंतप्रधान झाल्यावर, १९७८ मध्ये ही निर्यात थांबली. माकडांवर लष्करी हेतूनं किरणोत्साराचे प्रयोग होत असल्याचं उघड झालं, ते त्यामागचं एक मोठं कारण. अमेरिकी हवाई दलानं अंतराळातल्या किरणांचा परिणाम पाहायला साठच्या दशकात रीसस माकडांवर प्रोटॉनचा मारा केला होता. त्यांतल्या माद्यांना पुढे एंडोमेट्रिओसिस जास्त प्रमाणात झाल्याचं १९८३ मध्ये छापून आलं. एंडोमेट्रिओसिस शोधायला ती माकडं ठेवलीच नव्हती. त्यांना अंतराळवीराच्या जागी बसवलं होतं.

मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधन संस्था आहे. देशातल्या निरनिराळ्या भागांतल्या रुग्णालयांना जोडून भारतीय स्त्रियांमधल्या एंडोमेट्रिओसिसचा मोठा अभ्यास तिथून चालतो. उंदरांच्या गर्दीतून बाहेर आल्यावर लेखिकेनं त्याकडे वळावं, असं मी तिला सुचवलं होतं. तिनं पुढच्या पुस्तकावर ढकललंय. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारा आपला १९६० चा कायदा आणि प्रयोगांवर देखरेख करणारी समिती यांबद्दल तिनं लिहिलंय ते संयमित आहे, मी असते तर जरा तिखट लिहिलं असतं. माझ्या नोंदवहीतल्या ४८ माद्यांचा शेवट कसा झाला ते मला माहीत आहे. त्यातल्या काहींची कलमं रुजलीच नाहीत, टाका सैल होता. म्हणजे त्या काहीच न सांगता गेल्या, आणि तो दोष माझ्या हाताचा होता.

दुखण्याचा रकाना शेवटी कुणी आखला? फ्लोरिडातल्या विद्यापीठात कॅरन बर्कली यांनी. त्यांनी रॅटच्या पोटात तेच व्हर्नन-विल्सनचे चौकोन शिवले, पण कॅलिपर बाजूला ठेवला. मादीच्या योनिमार्गात एक बारीक फुगा ठेवून तो पाण्यानं हळूहळू फुगवायचा. समोर एक नळी. मादीनं डोकं पुढे करून नळीत घातलं की प्रकाशाचा किरण तुटतो आणि फुगा तत्काळ रिकामा होतो. एवढं शिकायला तिला फार वेळ लागत नाही. कलम केलेल्या माद्या कमी फुगलेल्या फुग्यालाही डोकं पुढे करू लागल्या, आणि त्यातही जास्त करून प्रोइस्ट्रसमध्ये, इस्ट्रोजेन चढत असताना. पुढे बर्कली यांना असंही दिसलं की या गाठींत स्वतःच्या मज्जातंतूंचे धागे उगवतात आणि पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत बोलतात.

प्रोइस्ट्रस म्हणजे मी सकाळी आठ वाजता काचपट्टीवर पाहायचे त्याच गोल, ठसठशीत केंद्रकाच्या पेशी. त्या दिवशी त्या मादीला काय होत असेल, हे मला माझ्या दीड वर्षात एकदाही सुचलं नाही. बर्कलींवरचं प्रकरण पुस्तकात शेवटून दुसरं आहे. हस्तलिखित हाती आलं तेव्हा मी आधी तेच वाचलं, मग पहिल्या पानावर आले. वाचकानं तसं केलं तरी चालेल. लेखिकेला मी सांगून ठेवलंय.